पाठीवरचे ठोके

रिक्षा वळणावर आली आणि सिंधूबाईंच्या कानांना आधी कळलं. डोळ्यांना नंतर.

क्वार्टरच्या फाटकासमोर गाडी सुरू होऊन उभी होती. नवऱ्याची, नीळकंठरावांची, लांब नाकाची अमेरिकन मस्टँग. मंडीदीपच्या एका बंद कारखान्याच्या आवारातून दोरानं ओढून आणलेली, रविवारमागून रविवार खोललेली आणि जोडलेली. बॉनेटवर झेंडूचा हार. पुढच्या जाळीत उदबत्त्यांचा अख्खा पुडा धुपत होता. शेजारचे तिवारीजी टाळ्या वाजवत होते, आणि स्टिअरिंगमागे सिंधूबाईंचा मुलगा अरविंद नवरदेवासारखा हसत बसला होता.

"चालू झाली गं," रिक्षातून उतरत नीळकंठराव म्हणाले. नेहमीसारखं फार मोठ्यानं. फॅक्टरीतल्या टर्बाइन शॉपच्या गोंगाटानं त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं उचलत. हातातली पिशवी तशीच रस्त्यात ठेवून ते गाडीकडे निघाले. पिशवीत, भाचीच्या लग्नाच्या लाडवांखाली, नागपूरच्या भंगारबाजारात हुडकून काढलेला पेट्रोल ओढायचा पंप होता. गाडी तापली की बंद पडायची ती जुन्या पंपापायी. उद्या त्यांची शेवटची ड्यूटी. याच गाडीतून फॅक्टरीच्या गेटवर येणार, असं ते सगळ्या शॉपला सांगून बसले होते.

सिंधूबाई रिक्षाची दांडी धरून उभ्या राहिल्या. त्या गाडीचा आवाज त्यांना पाठ होता. आठ सिलिंडरांचा, खोल, पहाटेच्या जात्यासारखा. त्याच्यावर ओवी आपोआप बसावी असा. हा तो नव्हता. ही खडखड होती. मंडईत कांद्याची पोती टाकणाऱ्या मेटाडोरची.

अरविंद उतरून त्यांच्याजवळ आला. बापाकडे नीट पाठ करून उभा राहिला.

"आई, तू काही बोलू नकोस. तुम्ही लग्नाला गेलात, म्हटलं करून टाकू. डिझेल इंजिन बसवलंय. एकदम मक्खन चालते. बाबांचं ते धूड उद्या गेटपर्यंत पोचलं असतं का? तूच सांग."

"ह्यांना सांगितलंस?"

"कशाला? ऐकू कुठे येतंय त्यांना?"

वाईट मनानं म्हणाला नाही तो. तेच जास्त लागलं.

"उद्या गेटवर सगळे ऐकतील."

"अर्धं शॉप बहिरंच आहे गं. उरलेले रिटायर होणाऱ्या माणसाला काय बोलणार?"

सिंधूबाईंना ते गेट दिसलं. ती खडखड, पोरांनी एकमेकांना मारलेली कोपरखळी, आणि मध्ये हा माणूस ताठ मानेनं सगळ्यांना हात हलवतोय. सगळ्यांना ठाऊक. ह्यांना सोडून सगळ्यांना.

नीळकंठराव बॉनेटला हात लावणार, तेवढ्यात अरविंद धावला. त्यानं त्यांचं मनगट धरलं आणि तोंड समोर आणून सावकाश म्हणाला, "गरम आहे, बाबा. भाजेल."

जन्मभर तापलं लोखंड हाताळलेले नीळकंठराव त्या मायेनं ओशाळून हसले. हात मागे घेतला. आणि सिंधूबाईंकडे पाठ करून उभे राहिले.

ती त्या दोघांची रीत होती. ते इंजिनावर वाकायचे, त्या मागे उभ्या राहून ऐकलेलं बोटांनी त्यांच्या पाठीवर वाजवायच्या. ठोका गळाला की बोट थांबायचं, आणि त्यांचा हात नेमका त्या सिलिंडरावर जायचा. तिवारीण कुंपणावरून विचारायची, "क्यों भाभी, आज फिर तबला?"

"वाजव," नीळकंठराव म्हणाले.

बापाच्या समोरून बाजूला सरकून अरविंदनं आईला हात जोडले. ओठांनीच म्हणाला, "प्लीज."

ते आठ ठोके सिंधूबाईंना झोपेतही वाजवता आले असते. बोटं सरावानं उचललीही गेली. वाजवले असते तर उद्याचा दिवस गोड झाला असता. लाडू वाटले गेले असते, फोटो निघाले असते. त्यांनी बोटं मिटली. मूठ झाली. आणि जे कानांवर पडत होतं ते वाजवलं. धड, धड, धड, धड. पोत्यावर पोतं टाकल्यासारखं. मूठ हलकी ठेवायची म्हटलं तरी ठेवता येईना.

हाताखालची पाठ आधी सैल होती. मग तिचं लाकूड झालं.

तिवारीजींच्या टाळ्या थांबल्या.

नीळकंठरावांनी मागे वळून पाहिलं नाही. बॉनेट उचललं. आत पाहिलं, बराच वेळ. मग ते इतक्या हळू खाली ठेवलं की कुणाला आवाजही आला नाही. हार घसरून चाकापाशी पडला.

"माझं इंजिन कुठाय?"

सगळ्या ओळीतल्या खिडक्यांना ऐकू गेलं. अरविंदनं मान खाली घातली. "कबाडीवाल्यानं नेलं," तो बुटांकडे बघत पुटपुटला. "घणानं तोडूनच नेलं, अख्खं उचलेना."

सिंधूबाईंनी डोळे मिटून घेतले. नीळकंठराव दोन पावलं पुढे आले. ग्रीसनं कायमची काळवंडलेली दोन बोटं त्यांनी मुलाच्या हनुवटीखाली घातली आणि त्याचा चेहरा वर केला.

"इकडे बघून बोल."