तिसऱ्या खड्ड्याचं पाणी

खड्डे पाच होते, बाटल्या सहा आणि सल्लागार अकरा.

प्रत्येक खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद, अठरा फूट खोल. पाच बाटल्या खड्ड्यांच्या पाण्यासाठी, सहावी तुलनेकरता वान नदीच्या पाण्यासाठी. सल्लागार कशासाठी, ते भालचंद्रला पहिल्या तासाभरात तरी कळलं नाही.

१९६४चा नोव्हेंबर. संग्रामपूरच्या खालच्या अंगाचं हे गाव खारपाणपट्ट्यातलं. पंचायत समितीने इथे एक विहीर मंजूर केली होती. एकच. पाणी खारं निघालं तर दुसरी मिळणार नव्हती. जागा सुचवायला अकरा जणांची सल्लागार समिती होती, आणि पाणी तपासायला रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणून भालचंद्रला पाठवलं होतं.

सरपंच हिंमतरावांचा सल्ला पहिल्या खड्ड्याचा होता. तो त्यांच्या मळ्याला लागून होता. समितीतल्या महादेवरावांचा सल्ला पाचव्याचा. तो त्यांच्या व्याह्याच्या मळ्याला लागून होता. तुळशीराम पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन पाणी शोधत पाचही खड्ड्यांभोवती फिरला. नारळ पहिल्यापाशीही उभा राहिला आणि पाचव्यापाशीही. चहा त्याने दोन्ही घरी घेतला होता.

"मंग, सायेब? तुमाले काय वाट्टे?" हिंमतरावांनी विचारलं.

"मला काही वाटत नाही. मी मोजतो," भालचंद्र म्हणाला. "आज दिवस मावळायच्या आत पाचही खड्डे कोरडे उपसा. नवं पाणी झिरपेल तेच मी सकाळी घेईन."

"आमचं आयकून तर घ्या—"

"सल्ला नको."

सकाळी तो स्वतः शिडीवरून पाचही खड्ड्यांत उतरला. चार खड्ड्यांत चार चार बोटं पाणी झिरपलं होतं. तिसऱ्यात चांगलं वीतभर होतं. गाळ ढवळू नये म्हणून त्याने बाटल्या वरच्यावर भरल्या आणि ते वहीत टिपलं.

शाळेच्या ओसरीवर त्याने ब्युरेट उभी केली. नमुना पिवळा करायचा, वरून एकेक थेंब सोडायचा, रंग विटकरी झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त तितकं पाणी खारं. दहा लाख भागांत मीठ किती, ते त्याने एकाखाली एक लिहिलं. पहिला खड्डा २१८०. दुसरा २३४०. तिसरा ७१. चौथा १९९०. पाचवा २४१०. वान नदी ६४.

तिसरा त्याने पुन्हा केला. ७१.

फरक अवघा सात भागांचा. नदीची झीर जमिनीखालून थेट तिसऱ्या खड्ड्यात येत होती, म्हणून पाणीही तिथेच जास्त. दोन निरीक्षणं, एक निष्कर्ष. त्याने खाली दोन रेघा ओढल्या.

तिसरा खड्डा कुणाच्याच मळ्याला लागून नव्हता. गावाच्या टोकाच्या गल्लीमागे होता. त्या गल्लीतली रुक्मिणीबाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी घागर होती.

"सायेब, तिसरा गोड निंघाला म्हन्तात. खरं हाय?"

"खरं आहे."

"माह्या सोपानचं लगन व्हईल मंग." तिने डोळ्याला पदर लावला. "तीन सोयरिकी मोडल्या. पोरीवाले येतात, घोटभर पानी पेतात अन् उठतात. दीड कोस घागर वाह्याले कोन पोरगी देते? आताचे म्हन्ले, हीर झाली का सांगा, तवा तारीख धरू." मग ती एक पायरी वर आली. "सायेब, त्या तिसऱ्याचं एक सांगाचं होतं."

"बाई, अकरा सल्ले झाले. बारावा नको."

"सल्ला नाई, सायेब—"

"जाय वं रुक्मिणे," हिंमतराव हसले. "सायेबाचं शास्त्र चालू हाय. तुह्यी गल्ली भेटली ना हिरीले? मंग?"

ती हसली आणि घागर सावरत गेली.

अहवाल समितीपुढे गेला. अकराही जणांनी खाली 'सहमत' लिहिलं. हिंमतरावांनी तर, तिसरा खड्डा आपण पूर्वीच सुचवला होता, असंही लिहिलं. तुळशीराम म्हणाला, नारळ तिसऱ्यापाशी हललाच होता, फक्त कुणी पाहिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी विहिरीला पाणी लागलं. मजुरांनी चाखलं आणि थुंकलं.

भालचंद्र आला. त्याने ओंजळभर पाणी तोंडात धरलं आणि आयुष्यातला पहिला सरकारी सल्ला दिला. "मातीचं पहिलं पाणी असंच असतं. झीर मोकळी होऊ द्या. आठ दिवस उपसा."

"बराबर हाय," महादेवराव म्हणाले. "मी हेच म्हन्नार होतो."

आठ दिवस मोट चालली. नवव्या दिवशी भालचंद्रने विहिरीच्या काठावरच ब्युरेट मांडली आणि नमुना पिवळा केला. हिंमतराव, महादेवराव मागे उभे होते. रुक्मिणीबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आली होती. साऱ्याजणींच्या घागरी भरलेल्या होत्या.

"सायेब, ओतू काय?" तिने विचारलं.

"काय ओतता?"

"वान नदीचं पानी. मांगच्या टायमासारखं." ती पुढे झाली. "तुमी खड्डे उपसाले लावले ना, त्या सांजी आमी बायाईनं बावीस घागरी ओतल्या होत्या तिसऱ्यात. पान्याले पानी बोलावते, सायेब. तवा कसं गोड झालतं! शायेच्या ओसरीवर हेच सांगाले आलती मी, का हीर खंदली का तिच्यातबी ओता लागन. तुमी म्हन्ले, सल्ला नको."

भालचंद्र थेंब मोजत होता. पिवळा रंग विटकरी व्हायला वेळ लागला.

दहा लाखांत दोन हजार दोनशे साठ.