टॉवेल-टोपीचा आहेर

२०२३ साल. दिवाळी नुकतीच सरली होती. सांगलीच्या निबंधक कचेरीत बक्षीसपत्र तयार होऊन टेबलावर पडलं होतं. मनुबाईनं सही करून यंत्रावर अंगठा टेकला की कुपवाडचं हळदीचं गोदाम तिच्या भाच्याच्या, धैर्यशीलच्या, नावावर जाणार होतं.

"चल की मने, ऊठ," तिचा थोरला भाऊ नाथाजी म्हणाला. "दुपारी मुलीकडची मानसं यायची हायती. पोराच्या नावावर काय हाय, इचारत्यात."

मनुबाई उठली नाही. तिनं मोरपंखी इरकलीच्या निऱ्या सारख्या केल्या. साडी कोरी होती, पण घडीच्या रेघांवर विरली होती. नाथाजीनं ती ओळखली नाही.

त्यानंच ती घेतली होती. वडलांच्या तेराव्यानंतर त्यानं बहिणीला कोरेगावच्या कचेरीत नेलं, वावरावरच्या हक्कसोडीवर तिची सही घेतली आणि रीतीप्रमाणं साडीचोळी केली. हक्क मागणारी बहीण माहेराला मुकते, असंच तेव्हा सगळ्या बायका मानत. मनुबाईनं कागद वाचलासुद्धा नाही. "इहिरीजवळची खोली तुझीच. कवाबी ये," दादा म्हणाला, आणि तेवढ्यावर ती भरून पावली.

नवरा गेला, तेव्हा ती लहानग्या साक्षीला कडेवर घेऊन त्या खोलीच्या भरवशावर माहेरी गेली. खोलीत खताची पोती रचलेली होती. विजयमाला वहिनीनं दोघींना सोप्यात बसवून चहा दिला. "उताऱ्यावर नाव कुनाचं हाय, बघ मने," दादा म्हणाला, आणि त्यानं संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ सांगितली.

सांगलीला परतून मनुबाईनं व्यापाऱ्यांच्या वखारीत हळद निवडली. नखं पिवळी झाली ती कायमची. त्यावर पोरगी वाढली, शिकली. ट्रंकेतल्या साडीची घडी मात्र तिनं मोडली नाही.

पुढं नाथाजीला बहीण आठवली, तीही गरजेपुरती. तो पतसंस्थेचा चेअरमन होता आणि पतसंस्था डुगडुगत होती. ठेवीदारांनी जप्ती आणली तर आपल्या नावावरचं सगळं जाईल, हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं गोदाम घेतलं ते बहिणीच्या नावावर. किल्ल्या त्याच्या खिशात, भाडं त्याच्या घरात. मनुबाईचं त्यात नाव तेवढं होतं.

त्या खरेदीच्या दिवशी वकील तिच्यादेखतच म्हणाला होता, "नाथाजीराव, विचार करा. बहीण उद्या फिरली, तर तुम्हाला कोर्टात जाता येणार नाही. पैसा माझा, नाव तिचं, असं म्हणालात की ते बेनामी. सरकार गोदाम नेईल आणि वर तुमच्यावरच खटला घालेल."

नाथाजी हसला होता. "कोन, मनी? आवं वकीलसाहेब, तिनं वावर सोडताना कागदबी वाचला न्हाई. लय गरीब गाय हाय."

गरीब गाईनं पदर सारखा केला होता आणि शब्द न् शब्द ध्यानात ठेवला होता.

"मने, कागदवाले खोळंबलेत," नाथाजी आता दरडावून म्हणाला.

मनुबाई उठली. तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि भावाच्या कपाळाला बोट लावलं. मग नारळ, नवा टॉवेल आणि पांढरी टोपी त्याच्या ओंजळीत ठेवली. कचेरीतली माणसं बघायला लागली.

"ह्ये काय गं?"

"आहेर. वावराबदल तू मला ह्ये लुगडं नेसवलंस, दादा. आज घडी मोडली. गोदामाबदल तुला टॉवेल-टोपी. आपली रीत मी मोडत न्हाई."

"आत्ये, काय बोलतीस?" धैर्यशील पुढं झाला.

"पोरा, उताऱ्यावर नाव कुनाचं हाय, बघ. सकाळीच साक्षीनं कुलपं बदलल्यात."

नाथाजीच्या हातातला नारळ फरशीवर आपटला. "गोदाम माझं हाय! पैसा माझा..."

शेजारी उभ्या त्याच वकिलानं त्याचं मनगट धरलं. "आवाज खाली, नाथाजीराव. हे इथं बोलू नका. कुठंच बोलू नका."

"बोलू दे की," मनुबाई म्हणाली. "न्हेऊ दे सरकारला. माझं काय जातंय? माझं कवा काय व्हतं?"

आयुष्यात पहिल्यांदा नाथाजीला आपल्या मालकीचा उच्चार करता येईना.

दारातून मनुबाई वळली. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "दादा, गोदामाच्या फाटकाजवळ एक खोली हाय. ती तुझीच. कवाबी ये."

धैर्यशीलचं लग्न मोडलं. तो पुण्याला गेला आणि दुसऱ्याच्या शोरूममध्ये गाड्या विकू लागला. तो वकील बाजारात दिसला की मनुबाईला आधी नमस्कार करतो. साक्षी नोकरी सोडून गोदाम बघते. पाटीवर आईचं नाव मोठ्या अक्षरात आहे. पतसंस्था बुडाली, जप्ती आली, आणि वावर, घर, इहिरीजवळची खोली, नाथाजीच्या नावावरचं सगळं गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो आणि विजयमाला ट्रंक घेऊन कुपवाडला उतरले. नाथाजीच्या डोक्यावर तीच पांढरी टोपी होती. फाटकाजवळच्या खोलीत हळदीची पोती रचलेली होती. मनुबाईनं दोघांना सावलीत बसवलं, चहा दिला, आणि साताऱ्याच्या संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ सांगितली.