यादीत नसलेलं खळं

"पैसे कोणाजवळ आहेत? धान मागू ना," साक्षी म्हणाली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेली सगळी पोरं तिच्याकडे वळली. मग टाळ्या पडल्या.

गावात अभ्यासिका काढायची होती. खोली मिळाली होती, पुस्तकं नव्हती. कबड्डीचे सामने ठेवायचे की मंडईच्या जत्रेत भज्यांचं दुकान लावायचं, या वादात दोन संध्याकाळी फुकट गेल्या होत्या. अकरावीतल्या साक्षीची युक्ती साधी होती. दवनीवाड्याच्या बाजूला मळणीच्या या दिवसांत खिसे रिकामे असतात, पण खळ्यावर धानाची रास असते. झोळी घेऊन खळ्याखळ्यावर जायचं, सूपभर धान मागायचं आणि राइस मिलला विकायचं.

चंद्रकुमारनं बसल्या जागी मोबाइलवर गावभर कळवूनही टाकलं, रविवारी सकाळी धान फेरी. चंद्रकुमार म्हणजे मालगुजाराचा, गावाच्या जुन्या जमीनदाराचा, नातू. मालगुजारी जाऊन सत्तर वर्षं झाली, पण नाव काही त्या घराला सोडत नाही.

साक्षी उड्या मारतच घरी आली. तिचे आजोबा, गुलाब आबाजी, सुपाची सुटलेली कड बांधत बसले होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"झोळी घेऊन?"

"हो. मस्त आहे ना आयडिया?"

"माह्या बापानं जाळली होती ते झोळी," आबाजी म्हणाले. "छप्पनच्या साली. धम्म घेऊन आला अन् याच आंगणात जाळली."

ते उठून बाहेर गेले. साक्षीला काही कळेना. चुलीपाशी बसलेल्या आईनं, अलकानं, पोळी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे न बघताच बोलली.

"मालगुजाराच्या खळ्याबाहेर उभे राहत तुहे आबाजी, बापाचं बोट धरून. आठ वर्षांचे होते. आत पाय ठेवाची सोय नव्हती. रास उचलून झाली का खालचं मातीतलं धान दुरूनच झोळीत टाकत. अन् आता तूच निघाली झोळी घेऊन."

साक्षीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा एप्रिलला माईकसमोर तावातावानं भाषण करणारी ती, आणि आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी! फेरी रद्द करावी, तर कारण सांगावं लागणार, आणि तेही चंद्रकुमारसमोर. एकीकडे आबाजींची लाज, दुसरीकडे पोरांची. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

शेवटी शनिवारी ती आबाजींजवळ जाऊन बसली.

"मी झोळी नाही धरत, आबाजी. मी मागंच राहीन. चंद्रकुमार धरन."

आबाजींनी मान वर केली. "मालगुजाराचा नातू?"

"हो."

"सगळ्याइच्या खळ्यावर जाते तो?"

"आपलं खळं मी यादीत नाही घेतलं," ती घाईनं म्हणाली.

त्या संध्याकाळी आबाजी ताटात अर्धं टाकून उठले.

रविवारी ती उठली तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. खुंटीवरचं सूपही दिसत नव्हतं.

"झुंजूमुंजूलेच निघून गेले," आई म्हणाली. "गावात पोरं झोळी घेऊन फिरतीन आज. कायले थांबतीन ते?"

दहा-बारा पोरांची फेरी निघाली. पुढे चंद्रकुमार, खांद्यावर धुतलेल्या चादरीची झोळी. मोठमोठ्यानं हसत, फोटो काढत चालला होता. साक्षी सगळ्यांच्या मागे, नजर पायांकडे. आबाजी कुठे गेले असतील, संध्याकाळी परत आल्यावर आपल्याशी बोलतील की नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

यादीतल्या पहिल्या खळ्याची वाट आबाजींच्याच बांधावरून जात होती. मोहाच्या झाडापाशी फेरी अडली.

"साक्षी," चंद्रकुमारनं हाक मारली. "तुहे आबाजी बलावून राहिले."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. तिनं कशीबशी नजर उचलली.

आबाजी राशीजवळ उभे होते. दाढी केलेली. अंगात पांढरा शर्ट, जो फक्त बुद्धपौर्णिमेला पेटीतून निघतो. रास नुकतीच उपणलेली होती, धुळीचा कण नाही. हातात काठोकाठ भरलेलं सूप.

चंद्रकुमार सारवलेल्या खळ्याच्या कडेला बिचकून थांबला. त्यानं झोळीचं तोंड उघडून पुढे धरलं.

आबाजींनी सूप हातातच ठेवलं.

"तिथं कायले उभा राहिला, बाबू? आत ये. आमच्या खळ्यावर मागणाऱ्याले बाहेर उभं ठेवत नाही."