करडी खडी

फिनिक्समधल्या दगडांच्या वखारीत मुलाने माझ्या हातावर गुलाबी खडी ठेवली. "आई, अंगणात आता ही टाकू. जुनी करडी उद्या ट्रक घेऊन जाईल."

करडी ह्यांनी निवडली होती. वाळवंटात हिरवळ टिकत नाही, म्हणून याच वखारीत तासभर खडे बाटलीतल्या पाण्याने भिजवून बघत होते. "ओल्या दगडाचाच रंग खरा," म्हणाले.

गेल्या वर्षी हे गेले. अंत्यविधीत मडकं फोडायला मुलाने अंगणातलाच खडा नेला. तोच ह्यांचा जीवखडा झाला. दहा दिवस त्यावर तिलांजली दिली. ओला झाला की त्यात तांबडी रेघ उमटायची. दहाव्याला मुलगा एकटाच तो नदीत सोडून आला.

"बाबांना सोडलंस त्या नदीला आता पाणी असेल का रे?" मी सहज विचारलं.

"तेव्हाही नव्हतं, आई. कोरड्या वाळूत टाकवेना. परत आणून अंगणात ठेवला."

"कुठे?"

"आता नाही आठवत. सगळे सारखेच दिसतात. ट्रकला नको म्हणून सांगतो."

घरी येताच मी झारी भरली आणि कुंपणापासून खडी भिजवत, वाकून बघत निघाले. थोड्या वेळाने तोही नळी घेऊन गुडघ्यांवर बसला. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचून मागे पाहिलं, तर कुंपणाजवळची खडी वाळून पुन्हा सारखी करडी झाली होती.