खाडीत उतरलेला ट्रक

रंगूने दोर पुन्हा फेकला आणि पुन्हा तो नीराबाईच्या अलीकडेच चिखलात पडला.

ओहोटीला ती रेवदंड्याच्या खाडीत शिंपल्या वेचायला गेली होती. नेहमीची वाट सोडून जरा पुढे सरकली आणि कमरेपर्यंत रुतली. आता भरती लागली होती. रंगू तिचा पुतण्या. तिला आणायला म्हणून उतरला तो काठाजवळच मांडीपर्यंत खचला. त्यालाच ओढून काढावं लागलं. होड्या अजून गाळावर कलंडलेल्या होत्या. त्या तरंगण्याइतकं पाणी चढेल तेव्हा ते नीराबाईच्या गळ्याशी आलेलं असेल, हे काठावरच्या सगळ्यांना कळत होतं. बोलून कुणी दाखवत नव्हतं.

तेवढ्यात काठावरच्या घरातून रशीद धावत आला. बगलेत त्याचा ट्रक, हातात रिमोट. मागून जहुरा, त्याची बायको, ओढणी सावरत.

मस्कतहून कायमचा परतल्यापासून रशीदचा सगळा जीव या मांजराएवढ्या ट्रकात होता. पडवीतल्या टेबलावर तो उघडायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. मूळची चाकं काढून त्याने रुंद चाकं बसवली होती आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, वल्ह्यासारख्या आडव्या. मोटरवरचं दातेरी चाक बदलून लहान घातलं होतं. वेग कमी झाला होता, ओढ वाढली होती. पाण्याने बिघडेल तो भाग फुग्यात घालून घट्ट बांधला होता. गावात त्याला साठीतलं पोर म्हणत.

"भाई, ही खेळायची वेळ हाय का?" रंगू चिडून म्हणाला.

रशीदने जाळ्याची बारीक दोरी ट्रकच्या मागे बांधली आणि तिचं दुसरं टोक जाड दोराला. "ही तिच्यापर्यंत पोचली की तिने ओढून घ्यायची. मागून दोर येईल." मग त्याने ट्रक चिखलावर ठेवला.

ट्रक बुडाला नाही. चाकांवरच्या पट्ट्या गाळ मागे फेकत होत्या आणि तो हलत, डुलत पुढे जात होता. रंगूने दोरी मोकळी सोडायला घेतली. नीराबाई मान उंच करून बघत राहिली.

अर्ध्या वाटेवर चिखलात एक घळ होती. ओल्या गाळावर ऊन चमकत होतं, रशीदला नीट दिसेना. ट्रक घळीत गेला आणि एका कुशीवर कलला. दोन चाकं हवेत फिरू लागली.

"द्या इकडे," जहुरा म्हणाली.

"जहुरा, अगं ते..."

"द्या."

तिने रिमोट घेतला. ट्रक किंचित मागे घेतला, चाकं डावीकडे वळवली आणि बोटाने हलके हलके झटके दिले. ट्रक झोके खात राहिला, खात राहिला आणि मग चारी चाकांवर धपकन उभा राहिला. तिने त्याला घळीच्या कडेकडेने नेलं आणि अरुंद जागेवरून पलीकडे काढलं.

रशीद ट्रककडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होता. "तू कधी शिकलीस?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा." तिची नजर खाडीवरून हलली नाही. "त्याचं मागचं उजवं चाक ढिलं आहे. सांगणारच होते."

ट्रक नीराबाईच्या हाताला लागला तेव्हा पाणी तिच्या कमरेभोवती चढायला लागलं होतं. तिने दोरी सोडवली, ओढली. जाड दोर चिखलातून सरपटत तिच्याकडे गेला.

"काखेखालून बांध, काकी," रंगू ओरडला. "आणि पाठीवर आडवी हो."

तिने बांधला. मग आडवं व्हायच्या आधी तिने ट्रक उचलला आणि छातीशी धरला.

"ट्रक सोड, नीराबाई," रशीद ओरडला. "दोन्ही हातांनी दोर धर."

तिने ऐकलं नाही. काठावरच्यांनी दोर ओढला. चिखल आधी हटूनच बसला. मग एक पाय सुटला, दुसरा सुटला, आणि नीराबाई गाळावरून पाठीवर सरकत काठाकडे येऊ लागली. एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्या हाताने तान्हं पोर धरावं तसा ट्रक. काठावर कुणीतरी हसलं आणि मग कुणालाच हसू आवरेना. रंगू हसत होता आणि रडतही होता.

जहुराने तिला धरून आपल्या अंगणात आणलं आणि नळाजवळच्या दगडावर बसवलं. नीराबाईचे डोळे आणि दात सोडले तर बाकी नुसता चिखल होता. शेजारी तसाच ट्रक. रशीदने नळाला पाइप लावला आणि पाणी सोडलं. पाइप त्याने नीराबाईकडे वळवला खरा, पण नजर पुन्हा पुन्हा ट्रककडे जात होती.

"काय झालं?" नीराबाईने विचारलं.

"काही नाही," रशीद ओशाळून म्हणाला. "खारं पाणी आत मुरलं की गंज धरतो. लगेच धुवावं लागतं."

नीराबाईने दगडावरच अंग चोरलं आणि ट्रक आपल्या मांडीवर घेतला.

"मंग त्याला धुवा आधी. मला खाऱ्या पाण्यानं काय व्हतंय?"