दाराची जागा

“मले आत उकडते,” नाना म्हणाले आणि त्यांनी आपली गोधडी तंबूच्या तोंडाशी आडवी टाकली.

सगळे हसले. डिसेंबर होता. नानांच्या कानाला मफलर, अंगात स्वेटर, आणि या माणसाला उकडत होतं.

तंबू नवाकोरा होता. नानांची लेक दीपमाला आणि जितेंद्र तो धुळ्याहून गाडीत घालून घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सातपुड्यातल्या पाल गावाला जायचं, रानात एक मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. हट्ट मुलांचा, पण उत्साह त्यांच्या आजोबांचाच जास्त. केळीच्या बागेशेजारी मोकळ्या जागेत तंबू लावून नानांनी दुपारीच सगळ्यांना आत निजवलं. म्हणे, तालीम झाली पाहिजे.

“नाना, आत बठ्ठासले जागा शे,” जितेंद्र म्हणाला. आत सगळ्यांना पुरेल एवढी जागा होतीच. धुळ्याच्या देवपूरचा हा जावई सासऱ्यांची गंमत करायची असली की मुद्दाम अहिराणीवर यायचा.

“शे तर शे,” नाना त्याचीच नक्कल करत म्हणाले. “तुमी निजा मधी. मले हवा लागते.”

ही त्यांची जुनी खोड. दीपमाला लहानपणापासून पाहत आली होती. खळ्यावर कापसाची राखण असो, लग्नातला जानोसा असो, नाहीतर धर्मशाळेतली खोली. जिथे मुक्काम तिथे नानांचं अंथरूण दाराला लागून. आई त्यांना ‘हवा खाणारा माणूस’ म्हणायची.

दीपमालाच्या चार वर्षांच्या लेकीला, भूमिकाला, बाहेर खार दिसली. नानांना ओलांडून जायला तिने पाय उचलला. नानांनी डोळे न उघडताच तो धरला.

“निजेल मानसाले वलांडू नही, माय. उठवायचं.”

“ओलांडलं तर काय होतं?”

“उंची खुंटते.”

“माझी?”

“तुझी नही, माझी.” पासष्टी ओलांडलेले नाना अगदी गंभीरपणे म्हणाले आणि तिला वाट द्यायला उठून बसले.

सकाळी उजाडता निघायचं होतं. त्याआधी केळीला पाणी लावून येतो, म्हणून नाना मळ्यात गेले. मोटर सुरू झाल्याचा आवाज घरापर्यंत आला. ती बंद व्हायची वेळ टळून गेली, तरी आवाज येतच राहिला. दीपमालाची आई लताबाई पाहायला गेल्या, तेव्हा नाना मोटरीच्या खोलीला पाठ टेकून बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

वर्षभर तंबू धुळ्याच्या घरी माळ्यावर पडून राहिला. या हिवाळ्यात दीपमालाने तो स्वतः खाली काढला, झटकला, आणि सगळ्यांना गाडीत बसवून आधी माहेरी आली.

लताबाईंना ते पटलं नाही. “नाना नही, तं लेकरायले रानात कोनाच्या भरवशावर नेते?”

“माझ्या,” दीपमाला म्हणाली.

लताबाई आत गेल्या आणि भरताची वांगी व नानांची गोधडी आणून त्यांनी गाडीत ठेवली.

पालच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या शेतात तंबू लागला. खुंट्या दीपमालाने ठोकल्या. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून तिने वांगी भाजली. मुलांनी सालं काढता काढता तोंड काळं करून घेतलं. जेवणं झाली, अंधार पडला आणि दोघंही बसल्या जागी पेंगू लागली.

तंबूत शिरताना तिचा थोरला मुलगा नवीन थबकला. “आई, नानांच्या जागेवर कोण?”

“मी झोपतो,” जितेंद्र म्हणाला.

“तू आत जा,” दीपमालाने गोधडी दाराशी आडवी टाकली. “मला आत उकडतं.”

जितेंद्र हसायच्या बेतात होता. तिच्याकडे पाहून तो आत गेला.

दीपमाला आडवी झाली. तंबूच्या चेनखाली बोटभर फट होती आणि डोंगरावरचा वारा तिथून सरळ आत येत होता. तिने गोधडी अंगाभोवती घट्ट ओढली, कूस बदलली, पण वारा पाठीला टोचतच राहिला. ज्या हवेवरून सगळ्यांनी नानांची जन्मभर थट्टा केली, ती ही हवा. दीपमालाच्या आडोशाला मात्र मुलं पांघरूण लाथाडून उबेत झोपली होती. बाहेर पान वाजलं, तिचे डोळे उघडले. लांब कुत्रं भुंकलं, पुन्हा उघडले. कशीबशी तिला डुलकी लागली, तर गालावर चिमुकला हात थोपटू लागला.

“आई, ऊठ ना. मला शू लागलीय. ओलांडायचं नाही ना, म्हणून उठवलं.”

दीपमाला उठून बसली. या दारातून तिला उठवल्याशिवाय कोणालाही बाहेर जाता येत नव्हतं.

भूमिकाला बाहेर नेताना तिला आठवलं, लहानपणी तीही अशीच नानांच्या खांद्याला हात लावायची. हात लागायचा अवकाश, नाना उठून बसलेले असत. त्यांना दुसऱ्यांदा हाक मारावी लागल्याचं एकदाही तिला आठवेना.

तिने भूमिकाला आत निजवलं, नवीनचं पांघरूण सारखं केलं, चेन ओढून घेतली आणि वाऱ्याकडे पाठ करून पुन्हा दारात आडवी झाली. इतक्या मुक्कामांत नानांना कोणी एकदाही म्हटलं नव्हतं, तिनेही नाही, ते ती मोठ्याने म्हणाली,

“नाना, तुम्ही झोपा आता. दारात मी आहे.”