मागची बाजू

बाबा जुन्या मोटारींच्या दिव्यांची बटणं ओळखून देतात. "समोरून सगळी सारखीच दिसतात, मागून बघायचं," असं गिऱ्हाइकांना सांगतात. त्यांची स्वतःची गाडी चोरीला गेली असं दादा म्हणाला, तेव्हापासून ते त्याला रोज विचारतात, "पोलिसांचा फोन आला का रे?"

आज मी भंगारवाल्याकडून एक बटण आणलं. मागे तुटलेल्या पत्तीच्या जागी आईच्या केसांतली पितळी पिन डाख देऊन बसवलेली होती.

"बाबा, हे आपल्याच गाडीचं. दादाने स्वतःच आणून विकली म्हणे."

बाबांनी पिनेवरून अंगठा फिरवला, बटण सुलटं केलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"आपलं नाही गं हे. समोरून सगळी सारखीच दिसतात."